पहिली थाप

गोंडपिपरीच्या कलाभवनावर पोस्टर लागलं आणि बाबूभाईचं डोकं फिरलं. शनिवारी लोकसंगीताचा कार्यक्रम, आणि फोटो कोणाचा? डोमाचा! तलावात जाळं टाकणाऱ्या त्या डोमाचा! अहो, त्याला ढोलकीचा पहिला बोल बाबूभाईनंच शिकवलेला, आपल्या दुकानात. चाळीस वर्षं या माणसानं तालुक्याच्या ढोलक्या मढवल्या, गावोगावच्या दंडारीच्या खेळांत वाजवल्या. फोटो राहू द्या, नाव तरी कोणी छापलं? पिकवलं एकानं आणि खाल्लं भलत्यानंच. घरी दोन दिवस जेवण गोड लागेना. बायको खुर्शीदा म्हणालीच, पोटात दुखत असेल तर ओवा खा.

त्यात डोमाच ढोलकी घेऊन हजर. "भाऊ, नवीन पुडी चढवून द्या. शनिवारी मही इज्जत तुमच्या हातात हाये."

बाबूभाई मनात म्हणाला, हातातच आहे म्हणतोस? मग बघच.

पुडीवरची, म्हणजे ढोलकीच्या कातड्यावरची, काळी शाई पातळ थरांनी चढवायची, दर थर दगडानं घोटायचा. दिवस जातो त्यात. या बहाद्दरानं सगळी शाई एकदाच जाड थापली आणि उन्हात ठेवून दिली. आवाज बसका येणार, वर घडीभरात तडकणार. होऊ दे फजिती! त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

गुरुवारी डोमा न्यायला आला. ढोलकी मांडीवर न घेता त्यानं पुढं सरकवली. "भाऊ, पहिली थाप?"

रीतच होती ती. मढवणाऱ्यानं थाप मारल्याशिवाय ढोलकी दुकानाबाहेर जात नसे.

"बोटाले लागलं हाये. तूच मार," बाबूभाई खाली बघत म्हणाला.

"छ्या! तुमच्या थापेबिगर मी आजवर कुठी वाजवलो नाई. बोट बरं होऊ द्या. नाई झालं तर कार्यक्रमाले नाई म्हनतो."

हे ऐकून बाबूभाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शाई ओली हाये अजून. उद्या ये," तो खेकसला.

डोमा गेल्यावर त्यानं सगळी शाई खरवडून काढली. पुन्हा थर, पुन्हा दगड. घोटताना डोमाला शिव्या चालू होत्या आणि स्वतःलाही.

शुक्रवारी त्यानं थाप मारली. समोरचा पानवाला चुना लावायचा थांबला. डोमानं डोळे मिटले. आता हा वाजवणार, लोक वाहवा करणार, आणि ती याच्या पदरात! बाबूभाईचा जीव पुन्हा जळला.

"येता न भाऊ उद्या?"

"येतो. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवजो. तू कुठी चुकतोस ते पाहाले येतो."