तक्रार ऐकून हसलेली आई

मंडळी, सत्तेचाळिसाव्या वर्षी शाळेत संस्कृत शिकवायला लागले आहे आणि आज माझी पहिली पालकसभा होती. घाबरलेली मी होते, पालक नव्हे.

स्टाफरूममधल्या ज्येष्ठ बाईंनी गुरुमंत्र दिला होता: आधी कौतुक, मग तक्रार, शेवटी पुन्हा कौतुक. म्हणजे मंगलाचरण आणि फलश्रुती यांच्या मधोमध लेकराला धुवायचं.

भवानी पेठेतल्या श्रावणीची आई चादरीच्या कारखान्यातून थेट आली, पदराला सूत चिकटलेलं. घाईत मी मंगलाचरणच विसरले. "श्रावणी तासाला फार बडबडते हो."

आईचा चेहरा उजळला. "आमची श्रावणी? बोलतीय? व्हय मॅडम?"

"थांबतच नाही."

"आजोबा गेल्यापासनं घरात तोंड उघडंना बगा. मराठीत न्हाय, आमच्या घरच्या तेलुगूत न्हाय. डॉक्टरला दाखवू का, तेच इचारायला आले हुते." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "काय बोलती वो?"

जूनपासून मी तिला गप्प बसवतेय. काय बोलते ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"गप करू नका तिला, मॅडम. जरा ऐकून मला सांगा की."

सोमवारी श्रावणीला शेजारणीसकट पहिल्या बाकावर आणणार आहे. वर्गाला सांगेन, बडबडीची शिक्षा.

आता अनुभवी मंडळींनो, एवढं सांगा: फळ्याकडे तोंड करून, पोरीला कळू न देता, कसं ऐकायचं असतं?