खेळावरची बंदी

हल्ली माझ्या वयाची माणसं जुन्या व्हिडिओ गेमची आठवण काढून गहिवरतात. कॅसेटमध्ये फुंकर मारली की खेळ कसा सुरू व्हायचा, हे पुन्हा पुन्हा सांगतात. मला मात्र रागच येतो. आमच्या घराने त्या खेळाला आरोपी केलं होतं, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहिला.

नव्वदीच्या दशकात आम्ही दोंडाईच्याला राहायचो. मामाने सुरतहून आणलेला तो खेळ म्हणजे दादाचा जीव की प्राण. खेळात उड्या मारत जाणारा एक शिपाई होता, त्याला तीन जीव मिळायचे. दादा पहिल्याच जीवात थेट किल्ला गाठायचा. मी फार मागे लागले की तो मला दुसरा रिमोट द्यायचा. तो जोडलेलाच नसायचा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एका दिवाळीच्या सुट्टीत दादाचा घसा धरला, ताप आला आणि गेला. मग उजवं मनगट सुजलं.

"हाई बठ्ठं त्या खेळामुये शे," आई म्हणाली. सगळं त्या खेळामुळेच, म्हणून गल्लीतल्या बायांनीही माना डोलावल्या. दिवसभर बटणं दाबल्यावर दुसरं काय होणार? मनगटाला एरंडाची पानं शेकून बांधली आणि खेळ धान्याच्या कोठीत गेला. थोड्याच दिवसांत सूज उतरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण त्यानंतर आम्हाला समजावणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

पुढे गुडघा सुजला, तेव्हा आमचे वडील, नाना, म्हणाले, "चोरून खेळला असशील." दादाने देवाची शपथ घेतली. वडिलांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, त्यामुळे त्याला बोलणी खावीच लागली.

त्याच्याकडे आता फक्त कार्टून उरलं होतं. रविवारी सकाळी केबलवर तशाच एका उड्या मारणाऱ्या शिपायाचं कार्टून लागायचं. दादाला ते तितकंसं पटायचं नाही. "याला जीवच संपत नाहीत, मग मजा काय?" असं म्हणायचा आणि तरी डोळे न हलवता बघायचा. एकदा बघता बघता गोधडीवर त्याचे अंगठे आपोआप हलायला लागले. आईने ते पाहिलं आणि टीव्ही बंद केला. त्याचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही मला आईशी भांडावंसं वाटतं.

मग शाळेचा जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. आता मात्र नाना घाबरले आणि आम्ही सगळे त्याला धुळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. घशातून सुरू झालेला ताप सांध्यांमध्ये फिरला आणि हृदयाच्या झडपेला धरून बसला, असं त्यांनी सांगितलं. बटणांचा काही संबंध नव्हता. आधी आणायला हवं होतं, म्हणाले. आता पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, आणि इंजेक्शनं वर्षानुवर्षं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं झालं होतं आमचं.

घरी आल्यावर नानांनी स्वतः कोठीतून खेळ काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. वायरी त्यांना जोडता येईनात, तेव्हा दादा पलंगावरून सांगत गेला. धुळ्याहून त्यांनी नवी कॅसेटही आणली होती, ती कधी घेतली हे आम्हाला कळलंही नव्हतं. आईने त्याच्या पाठीशी उशी लावली. "पाहिजे तेवढं खेळ. तुला कोणी काही म्हणणार नाही," नाना म्हणाले.

दादाने रिमोट हातात घेतलाच नाही. तो आधी आईकडे आणि मग नानांकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला नवी कॅसेट आवडली नाही.

"नाना," तो म्हणाला, "मी मरी जासू का?"

नाना वायरीशी उगाच काहीतरी करत राहिले. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.