पुसून गेलेली बासरी

निम्मी वाट सरली तरी मामंजी कानांच्या डॉक्टरीणबाईंबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. वाऱ्यामुळे बस बंद, म्हणून सासरे आणि सून पायीच घरी निघाले होते. आभाळ अंधारून आलं होतं आणि सुनेला वेगळाच घोर लागला होता. घरी पोचताच रेकॉर्ड लागणार.

मामंजींनी चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर पत्रे ठोकले. वादळ सुटलं की काम बंद, पण घरात बसून जीव टांगणीला. कुठे खडखडलं की म्हणायचे, "गेला बघ, शाळेवरचा तिसरा पत्रा!" एका संगीतशिक्षिकेचं गळकं छप्पर त्यांनी नीट केलं, तेव्हा तिने त्यांना शास्त्रीय संगीताची एक पाश्चात्त्य रेकॉर्ड दिली. तीत मोठ्या वाद्यवृंदाने वादळच वाजवलं होतं. आधी व्हायोलिनांची कुजबुज, मग ढोलांचा गडगडाट, आणि सगळं शमल्यावर एकटी बासरी. तेव्हापासून बाहेर वादळ आलं की मामंजी घरात आपलं वादळ लावून बसत. "बाहेरचं कधी थांबेल देवाला ठाऊक," म्हणत, "माझं बावीस मिनिटांत थांबतं." बासरी आली की त्यांचा जीव भांड्यात पडे.

दोन वर्षांपूर्वी सुनेने ती रेकॉर्ड ओल्या फडक्याने पुसली. पुढच्याच वादळात मामंजी कडाडले, "घासून घासून बासरीच पुसून टाकलीस की गं!" तिला ते खरंच वाटलं. तेव्हापासून रेकॉर्ड लागली की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून भांडी घासत बसे. देवाला हात जोडताना आधी त्या बासरीची क्षमा मागे.

पुलावर मामंजी थांबले.

"डॉक्टरीणबाईंनी बरेच आवाज ऐकवले. जाड सगळे आले, बारीक एकही नाही. म्हणाल्या, हातोड्याने कान खाल्ले. मशीन लावूनही बारीक आवाज परत येतीलच असं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बासरी बहुतेक रेकॉर्डवर आहेच. माझ्या कानातून गेली. आणि खापर फोडलं तुझ्या डोक्यावर."

सून पुटपुटली, "मला तर वाटत होतं, मीच..."

"काय? जाड आवाजात बोल, सासूसारखं. तिचा कसा थेट पोचतो!"

"त्यांचा पलीकडच्या गल्लीतही पोचतो," ती घसा खरवडून म्हणाली. हे मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं. दोघंही हसली.

वारा वाढला होता. मामंजींनी टोपी कानांवर ओढली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "आज भांडी राहू देत. माझ्याजवळ बस. ढोल थांबल्यावर पुढे काय होतं ते मला कळतच नाही. तू ऐक आणि सांग, बासरी आहे का. नसली, तर नाही म्हण. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस."