मानांग फेलीने घेतलेली वाट

माझी थोरली बहीण फेलिसितास, आमची मानांग, म्हणजे ताई, फेली, एस्तान्सियाच्या धक्क्यावर मासे सुकवून विकते. तिचा नवरा क्रिस्पुलो ट्रायसिकल, म्हणजे बाजूला बैठक जोडलेली भाड्याची मोटरसायकल, चालवायचा. एक दिवस तो पलीकडच्या गावातल्या शिंपिणीकडे राहायला गेला तो गेलाच. मानांग रडली नाही. तिने त्याचे कपडे धुतले, घड्या घातल्या आणि पाठवून दिले.

शेवटी मीच तिला वकीलबाईंकडे ओढून नेलं.

"आपल्या देशाच्या कायद्यात घटस्फोट नाही, ठाऊकच आहे," बाई म्हणाल्या. "एक तर कायद्याने विभक्त व्हा. घरदार वेगळं होईल, पण लग्न तसंच राहील, दुसरं करता येणार नाही. नाहीतर लग्नच रद्द करून घ्या, मग मोकळ्या. पण त्यासाठी कोर्टात सांगावं लागेल, की हा माणूस पहिल्या दिवसापासूनच मनाने संसाराच्या लायकीचा नव्हता."

"मोकळीच हो, मानांग," मी म्हटलं. "कशाला त्या मेल्याचं नाव मिरवतेस?"

तिने पिशवी उचलली आणि बाईंचा निरोप घेतला.

हे क्रिस्पुलोच्या कानावर गेलं. तो थेट धक्क्यावर आला.

"फेली, रद्दच करून टाक. मला तिच्याशी लग्न करायचंय. कोर्टात सांग, मी पहिल्यापासून वेडा होतो. मी नाही म्हणणार नाही."

मानांग मासे उलटत होती. "तू वेडा नव्हतास."

"अगं, म्हणायला तुझं काय जातंय?"

"आपलं बाळ गेलं तेव्हा मला उठवत नव्हतं. आंघोळ कोण घालायचं? घास कोण भरवायचं?"

तो ट्रायसिकलकडे वळला आणि गेला.

"सूड उगवतेस का?" मी नंतर विचारलं.

"नाही गं. राग येईल म्हणून वाट बघितली, आलाच नाही. पण झालं ते झालंच नव्हतं, असं माझ्या तोंडून निघायचं नाही."

तिने विभक्त होण्याचाच अर्ज केला. निकाल लागायला फार काळ गेला. त्या दिवशी कोर्टाबाहेर क्रिस्पुलो ट्रायसिकल घेऊन उभा होता.

"स्टँडवर सोडू?"

मी नको म्हणणार, तोच मानांग आत जाऊन बसली. स्टँडवर त्याने आम्हाला उतरवलं.

"सांभाळून जा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

बसमध्ये मी विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने खरंच विचार केला. "काहीच नाही गं," ती म्हणाली, आणि सोबत बांधून आणलेला भात उघडून माझ्यापुढे धरला.