मार्केट यार्डातला मोर

मार्केट यार्डात द्वारकाबाईला कुणी कधी काम शोधताना पाहिलं नव्हतं. काम तिला शोधत यायचं. धायरीहून पहाटेच्या बसनं ती यायची, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये फतकल मारून बसायची आणि छिन्नीनं तेलाच्या डब्याच्या पत्र्यात व्यापाऱ्यांचे छाप कोरायची. कोरलेला पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा, की उठला छाप. कुणाचा त्रिशूळ, कुणाचं पिंपळपान, कुणाची नुसती दोन टिंबं. हमालाला अक्षरओळख असो नसो, पाठीवर ओझं घेऊन पळताना समोरच्या पोत्यावरचा छाप दिसला की आपलं कुठल्या थप्पीला लावायचं ते त्याला कळायचं. सव्वीस वर्षांत आपल्या छापाचं एकही पोतं चुकीच्या थप्पीला गेलं नाही, हे ती दिवसातून एकदा तरी सांगायचीच. ऐकायला माणूस नसलं तर शाईच्या डब्याला सांगायची.

पण २००४ साल लागलं आणि गाळ्यांवर छापील पिशव्या यायला लागल्या. आधी चार व्यापारी फिरले, मग चाळीस. द्वारकाबाईचा लेक सुदर्शन कंपनीची गाडी चालवायचा. कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींना घरून उचलायचं आणि ऑफिसात नेऊन टाकायचं. तो एक दिवस म्हणाला, "आई, पुरे झालं आता. टीव्ही बघ, नातवाला खेळव."

"दसऱ्यापतुर थांब," ती म्हणाली. "तवर माझा एक जरी नवा छाप चालू झाला, तर शेड ऱ्हाईल. न्हाईतर तू गाडी आन, मी सामान भरते."

बोलून तर गेली, पण श्रावण गेला, गणपती गेले, पितरं जेवून गेली. नवा छाप मागायला कुत्रं फिरकलं नाही.

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा वल्लरी आली. नारायण पेठेतली तिशीतली मुलगी. कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी सोडून चित्रांचं काम करणारी. शहरात दरवर्षी भरणाऱ्या एका कला महोत्सवाची ओळख तिला रेखाटायची होती. पत्रिकेवर, फलकावर, वेबसाईटवर, सगळीकडे एकच चिन्ह. तीन चिन्हं समितीनं नापास केली होती. तिसऱ्याला चिटणीस अनंतराव म्हणाले होते, "सुंदर आहे. खाली फक्त 'हे बोधचिन्ह आहे' एवढं लिहा, म्हणजे लोकांची गैरसोय होणार नाही."

यंदाचा महोत्सव एका जुन्या गोदामात होता, म्हणून वल्लरी सजावटीला पोती बघायला आली होती. द्वारकाबाईची छिन्नी बघून तिथंच उकिडवी बसली. तास गेला तरी उठेना.

"मावशी, आमच्यासाठी एक छाप कोराल?"

"कसला माल हाय तुमचा?"

"कला. म्हणजे समकालीन कला. आजच्या काळातली."

"म्हंजी ताजा माल," द्वारकाबाई म्हणाली. "कोरते की."

वरून ती अशी बोलली, पण आतून हरखली होती. आजवर कांद्यासाठी कोरलं, बटाट्यासाठी कोरलं, कलेसाठी कुणी सांगितलं नव्हतं. कलेला दोन टिंबं कशी चालतील? तिनं दोन दिवस खपून मोर कोरला. पिसारा फुललेला, एकेका पिसाला डोळा, डोळ्यात बारीक ठिपका. छिन्नीची धार चारदा लावली. बजरंग हमाल डोकावून म्हणाला, "मावशे, सुनेच्या पैठणीचं काम घेतलंस का काय?"

"तू पोती उचल," ती म्हणाली.

वल्लरीनं मोर पाहिला, पत्रा उजेडात धरून फिरवला. "सुरेख आहे, मावशी. पण फार..."

"समितीला आन. पोत्यावर छापून दाखवते. यार्डात छाप असाच पास हुतो."

बुधवारी सकाळी समिती आली. म्हणजे अध्यक्ष सुनीतीबाई आणि अनंतराव. अनंतरावांनी विजार घोट्याच्या वर धरली होती. द्वारकाबाईनं दहा पोत्यांवर मोर उठवला, ती पोती बाकीच्या मालात मिसळली आणि बजरंगला हाक मारली. "लाव रं थप्प्या."

बजरंगनं मोराकडे पाहिलं, पहिलं पोतं पाठीवर घेतलं आणि पळत जाऊन शेजारच्या गाळ्यावरच्या हिराशेठच्या फ्लॉवरच्या थप्पीला लावलं. दुसरंही तिथंच. तिसरंही.

"अरं, अरं! तिकडं कुठं?"

"फ्लॉवर हाय नव्हं?"

"मोर हाय मुडद्या, मोर!"

बजरंगनं मान तिरपी करून पाहिलं. तागावर शाई पसरली होती, पिसं एकमेकांत घुसली होती, आणि देठावर गच्च गड्डा बसल्यासारखा तो मोर दिसत होता.

"मोर आहे होय," अनंतराव म्हणाले. "मला वाटलं, फ्लॉवर जरा पावसात सापडलाय."

सगळे गाळे हसले. हिराशेठ तर तराजूला धरून हसला. द्वारकाबाई हसली नाही. सव्वीस वर्षांचा शब्द पाहुण्यांसमोर तिच्याच हातानं मोडला होता. ती शेडमध्ये जाऊन बसली. वल्लरी मागून येऊन शेजारी बसली.

द्वारकाबाईनं मोराचा पत्रा मांडीवर घेतला. दोन पिसांमधल्या पत्र्याच्या बारीक काड्या बोळ्याच्या दाबानं वाकल्या होत्या. "लई नखरा केला ग मी," ती म्हणाली. "कला म्हनली आन् माझी अक्कल गेली." मग तिनं छिन्नी उचलली. टक. एक काडी गेली. टक, टक. पिसं गेली, डोळे गेले, ठिपके गेले. उरलं ते मोठं अर्धं वर्तुळ आणि त्याच्या पोटातून वर आलेली एक वाकडी मान. बस.

ताज्या पोत्यावर छाप उठला. कडा सुरीनं कापल्यासारख्या.

"बजरंग! हे घे."

बजरंगनं पोतं उचललं, चार पावलं गेला आणि थांबला. "मावशे, हे कुनाचं? ह्याची थप्पीच न्हाई." त्यानं ते वेगळं, मोकळ्या जागेत ठेवलं. दुसरं दिलं तर पळत जाऊन बरोबर त्याच्याच शेजारी लावलं. तिसरं लांबूनच ओळखून म्हणाला, "ह्या नव्या पेढीचं ना?"

वल्लरीनं टाळीच वाजवली. अनंतरावांनी चष्मा पुसला. "पण हे नक्की काय आहे?"

"काय का असंना," द्वारकाबाई म्हणाली. "सापडतंय का?"

अनंतरावांनी चक्क मान डोलावली, ही नारायण पेठेत सांगण्यासारखी गोष्ट होती. सुनीतीबाई मात्र अजून विचारात होत्या. "चिन्ह छानच आहे हो. पण महोत्सव दरवर्षी असतो. पुढच्या वर्षी लोकांना काही नवं नको का? पुन्हा नवीन काढायचं?"

"अवो ताई, छाप बदलला की गिऱ्हाईक म्हनतं पेढी बुडाली. छाप तोच ठेवायचा आन् शाई बदलायची. औंदा लाल, फुडल्या साली निळी. रिकामं पोतं फिरून यार्डातच येतंय. शाईवरनं कळतं कुठल्या सालचं ते."

सुनीतीबाईंनी वल्लरीकडे पाहिलं. वल्लरी वहीत लिहूनच घेत होती.

दसऱ्याला सकाळी द्वारकाबाईनं छिन्नीला झेंडूचं फूल वाहिलं. तेवढ्यात सुदर्शन गाडी घेऊन आला. कंपनीची पांढरी गाडी, आत अत्तराचा वास, मागं काचेला पडदे. "चल आई, सामान भर."

"भरते की," ती म्हणाली आणि लाल छापाची रिकामी पोती ढिगानं मागच्या सीटवर टाकायला लागली. बजरंगनं उरलेली डिकीत कोंबली.

"अगं, हे काय? मला सायबांना आनायचंय दुपारी!"

"सायबाला फुडं बसव. ही पोती आधी महोत्सवाच्या गोदामात पोचव, वल्लरीताई वाट बघतीया. आन् येताना तेलाचे चार रिकामे डबे घेऊन ये. माझा पत्रा संपलाय."