आप्पांना दिसत न्हाय

सदलग्यात कुणालाबी विचारा, आयुक्त गुरुजींचं घर कुठं, तर आमच्या दारात आणून सोडतील. आयुक्त म्हणजे माझे सासरे, वर्धमान आप्पा. माणसानं दिल्ली कधी बघितली न्हाय, जन्मभर शाळामास्तर. पण निवडणुकीत मतदान केंद्राची ड्यूटी लागली की बाकीचे मास्तर डॉक्टरची चिठ्ठी शोधायचे आणि आप्पा ठेवणीतलं धोतर काढायचे.

आमच्या जैनांच्या घरात पोरं बोलायला लागली की तीर्थंकरांची नावं शिकवतात. आप्पा ती संपली की लगेच दुसरी माळ सुरू करायचे. सुकुमार सेन, सुंदरम, सेन वर्मा... देशाचे मुख्य निवडणूक आयुक्त, पहिल्यापास्नं ओळीनं. रमादेवींचं नाव आलं की थांबायचे. "ह्या पहिल्या बाई आयुक्त. पुढं आपल्या कर्नाटकाच्या राज्यपाल झाल्या." मी लग्न होऊन आले तवा मनात म्हटलं, चंदना, कुठल्या घरात पडलीस गं. पण माझी लेक दिव्या शिकली तशी भाकरी थापता थापता मलाबी पाठ झाली.

त्यांचा एक किस्सा गावभर ठाऊक हाय. एका गावात एक बडा शेतकरी म्हाताऱ्या आईचा दंड धरून मत द्यायला आलता. म्हणाला, आईला दिसत न्हाय, मी देतो. आप्पांनी म्हातारीला विचारलं, "आक्का, दारात कोण उभा हाय?" ती म्हणाली, "पोलीस की रं." झालं. आप्पांनी पोराला बाहेर काढलं आणि म्हातारीला एकटीला आत धाडलं. त्या गावात मग दिवसभर कुणी घोटभर चहा दिला न्हाय. आप्पा हे लई खुशीत सांगायचे.

आमचे हे, गोमटेश, त्यांचाच मुलगा. सोसायटीचे डायरेक्टर झाले आणि पाय जमिनीला लागंनात. गेल्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांस्नी घरातच मत द्यायची सोय झाली. ह्यांनी आप्पांचे पाय दुखतात म्हणून समजूत घालून अर्जावर सही घेतली. आप्पांना शाळेत जाऊन रांगेत उभं ऱ्हायचं व्हतं. चार दिवस रुसले. मग म्हणाले, "नियमात हाय तर हाय."

मत घ्यायला निवडणुकीची माणसं घरी आली त्या दिवशी मी शिरा केला. आमच्याकडं सरकारी माणूस दारात आला की पाव्हण्यागत करायची रीत, आणि गल्ली गोळा होतीच. माधवी म्हणून साहेब बाई, बरोबर दोघं-तिघं, एक पोलीस आणि एक कॅमेरावाला. बाईंनी चहालासुद्धा हात लावला न्हाय. आप्पा खूश. "बरोबर हाय. घ्यायचा नसतोय." दाढी करून, चष्मा धोतरानं पुसून ते सकाळपास्नं तयार बसलेते.

बाईंनी पलंगावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. तेवढ्यात आमचे हे पुढं झाले. "आप्पांना दिसत न्हाय. मत मीच देतो त्यांचं."

मला कारण ठाऊक व्हतं. ह्यांनी पार्टीवाल्यांस्नी शब्द दिलता, आमच्या घरातली सगळी मतं तुमची. आणि आप्पा कुणाला मत देतात ते आजवर घरात कुणाला कळलेलं न्हाय.

बाई आप्पांजवळ वाकल्या. "आज्जा, दिसत नसेल तरच दुसऱ्यानं मत द्यायचं असतंय. तुम्हाला दिसतंय का?"

चष्मा नाकावरच व्हता. आप्पांनी पोराकडं बघितलं. दारात सोसायटीची माणसं, शेजारपाजार, समोर कॅमेरा चालू. ह्यांचं तोंड पांढरं पडलेलं. आप्पांनी नुसतं व्हय म्हटलं असतं, तरी पोराची अब्रू तिथंच गेली असती.

आप्पांनी चष्मा काढून खिशात घातला. "दिसत न्हाय, बाई."

गल्लीतल्या कितीजणांस्नी ते खोटं हाय हे ठाऊक व्हतं. रोज सकाळी कट्ट्यावर आप्पाच सगळ्यांस्नी पेपर वाचून दाखवायचे. पण कुणी तोंड उघडलं न्हाय, आणि मीबी न्हाय. शिऱ्याचं भांडं हातात धरून उभी ऱ्हायले. सांगायला लाज वाटती. हे आडोशामागं गेले, आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो. त्या दिवशी ताटं तशीच ऱ्हायली. हे आप्पांच्या पायाशी जाऊन बसले. म्हणाले, "आप्पा, तुमचं मत कुणाला व्हतं?"

"ते विचारायचं नसतंय, गोमटेश."

दुसऱ्या दिवसापास्नं आप्पांनी पेपर हातात घेतला न्हाय. कट्ट्यावर बसतात, पण चष्मा खिशात. कुणी विचारलं तर म्हणतात, दिसत न्हाय. मला एकदा रागच आला. म्हटलं, "आप्पा, कॅमेरा गेला की. आता कोण बघतंय?"

"निवडणुकीच्या माणसाम्होरं बोललोय, चंदना," ते म्हणाले. "आता ते खरं करायला नको?"

तवापास्नं रोज सकाळी हे पेपर वाचून दाखवतात. डायरेक्टरकी करायची तर करतात, पण गुमान. दिल्लीत नवीन मुख्य आयुक्त आले, पहिल्या पानावर फोटो. ह्यांना वाटलं, आता तरी आप्पा चष्मा लावतील. पेपर आप्पांच्या मांडीवर ठेवला. "फोटो हाय, आप्पा. बघा की."

"तू वाच."

ह्यांनी नाव वाचलं. दिव्या कान देऊन बसलेली, आज्जा आता माळंत नवं नाव ओवणार म्हणून. तिनं सुरुवातबी करून दिली, सुकुमार सेन, सुंदरम...

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू म्हण, बाळा. मला आता ती नावं घ्यायला तोंड न्हाय."

ह्यांनी पेपर उचलून तोंडापुढं धरला. वाचत न्हवते. लई वेळ खाली घेतला न्हाय.