इराणी आजींनी पाहिलेलं...

भूतखेत, करणी-बिरणी मी कधी मानलं नाही. आठवीतून शाळा सुटली, तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरी काम... घाबरायला वेळ कुठे होता? पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते लिहून टाकते. हसायचं तर हसा.

माझं गाव वाशिमकडे. बदलापूर वेस्टला हेंद्रेपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, एका इराणी आजींना सांभाळायला मी राहते. आजींचं उल्हासनगरला हॉटेल होतं. खुबा मोडला तशा त्या पलंगावरच, आणि वयाने हिंदी-मराठी सगळं विसरल्या. उरली फक्त फारसी. त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईंनी, मला कामापुरती शिकवली.

पलंगावरून खिडकी दिसत नाही. म्हणून रोज चारला मी बाहेर बघायचं आणि आजींना सांगायचं.

"आधी म्हण दीदम... मी पाहिलं," ताई म्हणाल्या. "मग दाश्त लाव. म्हणजे तू बघत होतीस तेव्हा ते चालू होतं. आणि डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांग हं."

दीदम, मर्द दाश्त मीरफ्त. मी पाहिलं, माणूस चालला होता. असं.

पण दुपारी रस्त्यावर काय असतं? मग मी बनवून सांगायला लागले. भाजीवाली रिक्षावाल्याशी भांडत होती, कुत्रं चप्पल नेत होतं... आजी माझा हात चिमटायच्या, "दोरूग!" म्हणजे खोटं. आणि हसायच्या.

त्या दिवशी मी खिडकीकडे निघाले तर आजींनीच मनगट धरलं.

"दीदम," त्या म्हणाल्या. "पदरत दाश्त मीउफ्ताद. पोश्ते दीवार."

मी पाहिलं, तुझे वडील पडत होते. भिंतीच्या मागे.

मला वाटलं, माझीच गंमत माझ्यावर उलटवली. "दोरूग, आजी," मी म्हटलं आणि कप घासायला गेले. पण त्या हसल्या नव्हत्या... कप घासले, दूध तापवलं, दोरीवरचे कपडे काढले. मग राहवेना. भिंत म्हटली की आमच्या गोठ्याचीच डोळ्यांपुढे येत होती. बाबांना फोन लावला, उचलला नाही. शेजारच्या वामनकाकांना लावला.

"काऊन वं पोरी? तुहा बाप तं सकाळी चांगला होता."

"काका, गोठ्याच्या भिंतीमागे बघा ना. पाया पडते."

"तिकडं काय ठेवलं हाय?" असं म्हणत गेले बिचारे. मग फोनमध्ये नुसता त्यांचा आरडाओरडा.

बाबा भिंतीमागे पडले होते. अर्धांगवायू. काकांनी गाडी करून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. काकांचे, आजींचे उपकार मी विसरणार नाही.

ताईंना सांगितलं. त्यांनी आजींचं वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझे वडील आहेत, हे तरी आईला माहीत होतं का गं?" मी कधीच बोलले नव्हते. घरचा फोनही मी जिन्यात जाऊन करते. आजींना विचारलं तर त्यांनी खिडकीकडे बोट केलं, जणू त्या बोलल्याच नव्हत्या.

कसं झालं, मला आजही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर उजवा हात वाचला असता. आता बाबा डाव्या हाताने जेवतात. गावी गेले की विचारतात, "तुले कसं समजलं वं?"

मी सांगते, असंच मनात आलं. लगेच फोन केला.

लगेच, असंच सांगते.